मी एवढी कोण लागून गेले?

बघ गं, तुझा तो लांबलचक मेसेज मी शांतपणे वाचला. त्यात तीन वेगवेगळ्या काळज्या आहेत आणि तिन्हींच्या शेवटी प्रश्न एकच आहे. शाखा व्यवस्थापकाच्या जागेसाठी अर्ज करू का, पण मी ते डिझर्व्ह करते का? पोळ्यांना बाई लावू का, पण मी एवढी कोण लागून गेले? दादा हक्कसोडपत्रावर सही मागतोय, नाही म्हणावंसं वाटतं, पण त्या घरासाठी मी असं काय केलंय?

खरं सांगू का, तिन्ही ठिकाणी तू स्वतःची लायकी मोजायला बसली आहेस आणि गोंधळ तिथेच झालाय. नोकरीच्या जागेला पात्रता लागते. आरामाला नुसती गरज पुरते. आणि वडिलांच्या मिळकतीतल्या वाट्याला त्यांची मुलगी असणं, एवढंच लागतं. एका ठिकाणचा निकष दुसऱ्या ठिकाणी लावलास की रात्रभर जागूनही उत्तर यायचं नाही. म्हणून आधी हे शब्द जरा सुटे करून बघूया. तू दमली आहेस हे मला कळतंय, पण डोकं तुझं शाबूत आहे. वाच तू.

लायक, योग्य, पात्र, अर्ह, समर्थ, हक्कदार, मानकरी. शब्दकोशात ही मंडळी एकमेकांचा अर्थ म्हणून सुखाने नांदतात. बोलण्यात मात्र एकाच्या जागी दुसरा घालून बघ. 'लायक' हा तसा सरळ शब्द, अरबीतला, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. योग्य, साजेसा एवढाच त्याचा अर्थ. 'पाणी पिण्यालायक आहे' म्हणताना कुणाचं मन दुखत नाही. पण त्याची 'लायकी' झाली की सूर बदलतो. भांडणात माणसं एकमेकांची लायकी काढतात, योग्यता कुणी काढत नाही. 'मोठ्या योग्यतेच्या बाई' असं आदराने म्हणतात, 'मोठ्या लायकीच्या बाई' असं म्हटलेलं तू ऐकलंयस कधी? लायकी नेहमी दुसऱ्याच्या तोंडून येते, आणि बहुतेक वेळा वरून खाली येते. तोच शब्द तू स्वतःसाठी, आपल्याच तोंडाने वापरते आहेस. हे मला अजिबात आवडलेलं नाही.

'औकात' तर त्याच्याही पुढची. पण तिचं मूळ बघ. अरबीत वक्त म्हणजे वेळ आणि औकात हे त्याचं अनेकवचन. वेळेवरून अर्थ गेला माणसाच्या दिवसमानावर, दिवसमानावरून परिस्थितीवर, आणि आता कुणीही उठून कुणालाही ती दाखवतं. तुझ्या सासरच्या एका लग्नात तुला औकातीवरून जे ऐकवलं गेलं ते तुझ्या तेव्हाच्या दिवसमानाबद्दल होतं, इतकंच धरून चाल. ऐपत ही पैशाची असते. कुवत अंगातल्या बळाची, वकूब समजुतीचा आणि अनुभवाचा. ऐपत कमी असलेल्या माणसाची कुवत कमी असते असं कुठल्याही कोशात लिहिलेलं नाही, तरी आपल्याकडे मुलींना स्थळ बघताना 'तोलामोलाचं' म्हणून वजन आणि किंमत एका दमात शिकवतात. ते इतकं आत जाऊन बसतं की तिशी उलटल्यावरही आपण स्वतःकडे बघताना आधी भाव विचारतो.

आता नोकरीचं. इथे शब्द 'पात्रता', सरकारी जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता'. अर्ह हा फार जुना शब्द आहे, बौद्ध आणि जैन परंपरेत अर्हत म्हणजे पूज्य, वंदनीय व्यक्ती. जाहिरातीत उतरल्यावर त्याचा अर्थ पदवी, अनुभव आणि वयोमर्यादा एवढाच उरला, आणि तुझ्या कामाला तो पुरेसा आहे. ती जाहिरात पुन्हा काढ आणि 'आवश्यक' किंवा 'अनिवार्य' कुठे लिहिलंय आणि 'प्राधान्य' किंवा 'इष्ट' कुठे लिहिलंय, ते वेगळ्या रंगाने खुणा करून बघ. तू पाठवलेल्या फोटोत अनिवार्य अटी सगळ्या तुझ्याकडे आहेत. जे नाही म्हणून तू झुरते आहेस, तो संगणक पदविकेचा कागद 'प्राधान्य' या सदरात आहे. म्हणजे तो असला तर बरं, नसला तर अर्ज बाद होत नाही.

मी मुलाखती घ्यायला बसते तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. मुलं अर्ध्या अटींवर अर्ज टाकतात आणि समोर बसून 'शिकेन की' म्हणतात. मुली सगळ्या अटी पूर्ण असताना सुरुवात 'तसा मला फार अनुभव नाही' अशी करतात. समितीतली माणसं तुझ्या मनातली भीती ओळखून काढायला बसलेली नसतात गं, ती समोरच्या अर्जावर काय लिहिलंय ते बघतात. तेव्हा अर्जात विशेषणं नकोत. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' हे वाक्य खोड. त्याऐवजी लिही की ठेवी किती होत्या आणि तू ठेवींचा कक्ष सांभाळल्यावर किती झाल्या, थकीत कर्जाची किती प्रकरणं तू स्वतः फिरून वसुलीला आणलीस, लेखापरीक्षणात निघालेल्या त्रुटींचा दोष-दुरुस्ती अहवाल कुणी तयार केला. तो तूच केलास ना? साहेबांच्या सहीने गेला म्हणून तो साहेबांचा होत नाही. 'लेखापरीक्षणाचा दोष-दुरुस्ती अहवाल मी तयार केला' असं सरळ प्रथमपुरुषी लिही. 'आमच्या टीमने' हे मराठीत फार नम्र वाटतं, पण अर्जात ते तुला गिळून टाकतं.

आणि 'आधी मी त्या पदाच्या योग्यतेची होते, मग अर्ज करते' हा तुझा बेत सोडून दे. पात्र शब्दाकडेच बघ ना. भांडं म्हणजे पात्र, दान घ्यायला योग्य माणूस म्हणजेही पात्र, आणि नदी वाहते तेही पात्रच. कृष्णामाईचं पात्र वाईच्या घाटावर बघितलंस आणि नरसोबाच्या वाडीला बघितलंस तर एकच नदी का असा प्रश्न पडावा इतकं ते रुंदावतं. वाईला असताना ती वाडीएवढी रुंद नव्हती म्हणून थांबली नाही, वाटेत वेण्णा, कोयना, वारणा, पंचगंगा भेटत गेल्या. शाखा सांभाळायची अक्कल शाखा सांभाळतानाच येते, आणि जे आज त्या खुर्चीत आहेत त्यांनाही ती तशीच आली.

पगाराचं बोलायची वेळ येईल तेव्हा 'तुम्हाला योग्य वाटेल ते द्या' म्हणू नकोस. आपल्याकडे बायकांच्या कामाला पैसे द्यायची वेळ आली की शब्दच मऊ होतात, हे कधी लक्षात आलंय तुझ्या? अंगणवाडीताईंचं उदाहरण घे. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. गावातल्या मुलांची वजनं घेणं, पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळं त्या करतात आणि त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. ऐकायला किती छान, मानाचं धन! पण मानधन म्हटलं की ती नोकरी ठरत नाही, आणि नोकरी नाही म्हटलं की निवृत्तीला हातात काय, हा प्रश्न उरतो. ग्रॅच्युइटीसाठी त्यांचा झगडा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधल्या खटल्यात, न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली येतात. इतकी वर्षं काम तेच होतं, हात तेच होते. म्हणून तुला सांगते, नेमणुकीच्या पत्रात 'वेतन', 'श्रेणी', 'भत्ता' हे शब्द आहेत ना ते बघून घे, आणि अधिक जबाबदारीचं कौतुक तोंडी झालं तर 'वेतनश्रेणी कोणती?' एवढंच हसून विचार.

पोळ्यांच्या बाईंबद्दल मी फार बोलणार नाही. लाव. सकाळी पाचला उठून आईंची औषधं, डबे, मुलाची शाळा, मग बँक, आणि रात्री परत कणीक. हे सगळं सिद्ध करून दाखवल्यावर विसावा मिळेल असं कुणी तुला सांगितलंय का? झोपेला पात्रता परीक्षा नसते, बाळा. एक मात्र कर. बाईंचा पगार आधी ठरव, महिन्याच्या चार सुट्ट्या आधी सांग, दिवाळीला बोनस दे. 'डिझर्व्ह करतात का' हा प्रश्न त्यांच्या बाबतीतही आपल्या मनात येऊ द्यायचा नाही.

आता हक्कसोडीचं. इथे मला तुझ्याशी नीट, सविस्तर बोलायचंय, तेव्हा चहा घेऊन बस.

हक्क हाही अरबी शब्द, आणि मूळ भाषेत त्याचा एक अर्थ 'सत्य' असा आहे. आपल्याकडे तो वतनदारीच्या कागदांत रुळला. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे हक्क आणि मानपान, बलुतेदारांचा सुगीतल्या धान्यावरचा हक्क. हक्काला गुणांचा दाखला लागत नाही, हे त्याचं वेगळेपण. आपल्या महाराष्ट्रानेच याचं एक फार सुंदर उदाहरण घालून दिलंय. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. गावातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं तर ते द्यायला सरकार बांधील. हे काम तू डिझर्व्ह करतोस का, असं त्याला कुणी विचारायचं नाही. त्याने मागायचं, सरकारने द्यायचं. दुष्काळात बंधाऱ्यावर पाट्या टाकणाऱ्या बायकांनी मजुरी मागितली ती या बळावर. मागणं आणि मिंधेपण यांत केवढं अंतर आहे, हे त्या कायद्याने शिकवलं.

तुझ्या वडिलांच्या मिळकतीचं तसंच आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्याच्या आधी हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेब आंबेडकर किती झगडले आणि ते रखडलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी ते कारण कसं मांडलं, हे तुला शाळेत शिकवलं असेलच. १९५६ पासून वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा, मुलगी, पत्नी आणि हयात असेल तर वडिलांची आई यांना सारखा वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने सहहिस्सेदार करणारी दुरुस्ती देशभर २००५ साली आली. आपल्या राज्यात तर १९९४ सालीच तशी दुरुस्ती झाली होती, फक्त तिने त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. आणि २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्माने येतो, २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. जन्माने, गं! तू आजारपणात किती रात्री दवाखान्यात बसलीस, लग्नात बाबांचा खर्च किती झाला, दादाने शेत किती राबून राखलं, यांतल्या कशावरही तो हक्क टांगलेला नाही.

दादाने राबून राखलं हे खरंच आहे, आणि त्याची कदर करायलाच हवी. कष्टाचं चीज व्हावं असं म्हणतो ना आपण, त्याचंही व्हायला हवं. पण ते कसं करायचं हे तू ठरवायचंस, आणि आपल्या पदरात काय आहे ते माहीत झाल्यावर ठरवायचंस. न बघता सोडलेल्याला दान म्हणत नाहीत.

मी एकदा आमच्या आत्याबाईंबरोबर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेले होते. सकाळपासून बाकावर बसलेलो. भाचे सगळे हजर, कागद तयार, साक्षीदार ओळखपत्रांच्या झेरॉक्स हातात धरून उभे. आत्याबाईंना फक्त 'वारसाची सही करायचीय' एवढंच सांगितलेलं. त्यांचा नंबर आला, संगणकासमोरच्या छोट्या कॅमेऱ्यात फोटो निघाला, यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितलं. शेतात खुरपून रेषा झिजलेल्या, अंगठा काही उमटेना. कारकून बाईंनी ओला रुमाल दिला, पुसा म्हणाल्या, पुन्हा ठेवा. मग त्यांनी मान वर करून विचारलं, 'आजी, स्वखुशीने हिस्सा सोडताय ना?' आत्याबाईंनी भाच्यांकडे बघितलं आणि 'हिस्सा? कसला हिस्सा?' असं विचारलं. सगळे गप्प झाले. त्या दिवशी दस्त झाला नाही. पुढे महिनाभराने आत्याबाईंनी स्वतः सगळं समजून घेतलं, घराजवळचा तुकडा आपल्या नावावर ठेवला आणि बाकीचं भाच्यांना आनंदाने सोडून दिलं. भाऊबीज, माहेरपण, सगळं होतं तसंच राहिलं. उलट त्यांना त्या घरात विचारायला लागले.

तुझी खरी भीती तीच आहे ना? सही नाही केली तर माहेर तुटेल. हे तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधे तेच आहे. बघ, दादाशी भांडायचं नाहीये. 'नाही' असंही म्हणायचं नाहीये. 'आधी बाबांच्या मागे सगळ्या वारसांची नोंद होऊ दे, माझं आणि आईचं नाव सातबाऱ्यावर लागू दे, मग आपण तिघं बसून ठरवू' असं म्हण. फेरफाराची नोटीस येते, हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात, त्यामुळे नोटीस आली तर ती पाकीट न फोडता कपाटात ठेवू नकोस. शेतजमीन पुढे कधी विकत घ्यायची झाली तर आपल्या राज्यात शेतकरी असल्याचा पुरावा मागतात, आणि तो देण्याचा सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे सातबाऱ्यावरचं स्वतःचं नाव. आणि हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की 'मला तेव्हा कळलं नव्हतं' म्हणून ते परत घेता येत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून घाई नको.

आणि हिस्सा सोडायचाच ठरला, तर कुणाच्या नावे सोडायचा तेही बघ. तो आईच्या नावे सोडता येतो. बाबांच्या मागे आईच्या हातात काय राहणार, हा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी काढलेलाच दिसत नाही. तो तू काढ. तिचाही वाटा तुम्हा भावंडांइतकाच आहे आणि तीही बहुतेक 'मला काय करायचंय आता' म्हणून सही करून मोकळी होईल. दादाला ट्रॅक्टरच्या कर्जासाठी जमीन एका नावावर हवी असेल तर तसं त्याने मोकळेपणाने सांगावं. त्याला दुसरे मार्ग आहेत, तू बँकेतच आहेस, सहकर्जदार आणि संमतीपत्र तुला मी शिकवायला नको. कदाचित या सगळ्यात तुझ्या दादाचीच सगळ्यांत मोठी अडचण तू सोडवशील.

साडीचोळी देऊन बहिणीची बोळवण करायची रीत आहे, ती माया म्हणून आली तर डोळ्याला लावून घे. सहीच्या बदल्यात आली तर घडी न मोडता परत दे, आणि तरीही जेवून ये.

आता या आठवड्याचं सांगते. अर्जाची मुदत शुक्रवारची आहे, तर बुधवारी रात्री मला मसुदा पाठव, मी विशेषणं खोडून देते. बाईंना उद्यापासूनच यायला सांग. आणि रविवारी दुपारी माझ्याकडे ये. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात, ते काढून आण, दादाने दिलेल्या मसुद्याची झेरॉक्स आण, बाबांचा मृत्यूचा दाखला आण. मूळ कागद घरीच राहू देत. माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, त्या सोप्या भाषेत वाचून दाखवतात आणि घाबरवत नाहीत. आईला बरोबर आणलंस तर फारच बरं, तिला जिना चढवत नसेल तर आम्हीच खाली येऊन बसू.